शोधपत्रिकेची परीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्यक शिकू इच्छिणाऱ्याने आचार्याच्याही आधी शास्त्राची परीक्षा करावी, असा उपदेश आहे. कारण वैद्यांची नाना शास्त्रे लोकांत प्रचलित असतात. आज हीच गोष्ट शोधपत्रिकांना लागू पडते.

काही महिन्यांपूर्वी एका औषधनिर्मात्याचा प्रतिनिधी आमच्याकडे एका रसकल्पावरील शोधनिबंधाची रंगीत प्रत घेऊन आला. पत्रिकेचे नाव 'आंतरराष्ट्रीय' आणि निष्कर्ष 'संपूर्ण निरुपद्रवी' असा. रुग्ण अवघे 20. यकृत व वृक्क यांच्या तपासण्यांचा उल्लेखही नाही. निबंध प्राप्त झाल्याची व स्वीकारल्याची तारीख यांत तीन दिवसांचे अंतर! आम्ही तो कल्प मागविला नाही. परंतु त्या प्रतीवर विसंबून तो किती रुग्णांना दिला गेला असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

ही व्याधी जुनी आहे. 2013 मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स'साठी एक प्रयोग केला. दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतीचे द्रव्य कर्करोगावर गुणकारी असल्याचा, ढोबळ दोषांनी भरलेला बनावट निबंध त्यांनी 304 पत्रिकांकडे पाठविला. 157 पत्रिकांनी तो स्वीकारला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2018 मध्ये 4305 पत्रिका मान्य यादीतून वगळल्या. 2019 मध्ये 'केअर' यादी आली. तीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करण्यात आली. तेव्हा परीक्षा स्वतःच करणे प्राप्त आहे. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. आयएसएसएन : हा आठ अंकी क्रमांक केवळ पत्रिकेची ओळख आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

2. प्रभावांक : मूळ 'इम्पॅक्ट फॅक्टर' क्लॅरिव्हेट ही संस्था देते. त्याच्याशी मिळतीजुळती नावे देऊन अंक बहाल करणाऱ्या इतरही संस्था आहेत. म्हणून अंक कोणी दिला हे आधी पाहावे.

3. सूचीतील नोंद : पत्रिका 'पबमेड'चे नाव छापत असेल, तर 'पबमेड'वर जाऊनच खात्री करावी.

4. संपादक मंडळ : मंडळातील परिचित वैद्यांना प्रत्यक्ष विचारावे. संमतीवाचून नावे छापल्याची उदाहरणे आहेत.

5. शुल्क व परीक्षण : शुल्क घेणे हा दोष नव्हे, ते आधी जाहीर न करणे हा दोष आहे. चार दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी पत्रिका परीक्षण करीत नाही, असेच समजावे.

6. नामसादृश्य : अशोकाच्या सालीऐवजी आसोपालवाची साल बाजारात येते, हे औषधी दुकानदारांना सांगावयास नको. तसेच नामांकित पत्रिकेचे नाव उचलून बनावट संकेतस्थळ उभे केले जाते. संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः पडताळावा.

नवीन म्हणून मात्र कोणतीही पत्रिका त्याज्य ठरू नये. 2010 मध्ये सुरू झालेली 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' ही पत्रिकाही एके काळी नवीच होती. आज तिचे निबंध 'पबमेड'वर मिळतात.

पत्रिका विश्वसनीय ठरली, तरी निबंध वाचण्याचे काम उरतेच. रुग्ण किती, तुलनेस दुसरा गट होता की नाही, उपद्रवांची नोंद केली का, हे तीन प्रश्न प्रत्येक निबंधाला विचारावेत. कच्चे द्रव्य पारखून घेणारे आपण, कागद न पारखता घेऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.