ताप नाही, तरी करोना कसा?
ज्येष्ठांच्या आजारपणाविषयी वाचकांच्या शंका

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. चार दिवसांपूर्वी जेवण एकदम तुटलं. परवा मध्यरात्री पिठाचा डबा घेऊन दाराशी उभ्या! म्हणे गिरणी बंद होईल, दळण आणते. सकाळी मलाच विचारलं, ‘तू कोण गं?’ खोकला नाही, ताप नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तपासणी केली, तर करोना निघाला. डॉक्टर म्हणतात ऑक्सिजन ठीक आहे, औषधं सुरू आहेत. पण त्यांना वेड लागलं का हो? आता अशाच राहणार का? (सांगली)

उत्तर : वेड लागलेले नाही. तुम्ही लिहिता त्यावरून हा डिलिरियम (शरीराच्या आजारामुळे अचानक उद्भवणारा बुद्धिभ्रम) दिसतो. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. हा मात्र एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. दुपारी नीट बोलणारी व्यक्ती रात्री भलतेच बरळते. वृद्धांमध्ये करोनाचे हेच पहिले, कधी कधी एकमेव लक्षण असू शकते. प्रतिकारयंत्रणा थकलेली असल्याने अनेकदा ताप चढत नाही; त्यातून गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर उरलासुरला तापही झाकला जातो. म्हणून ‘अंग गरम आहे का?’ याच्या जोडीला ‘आज या नेहमीसारख्या वागताहेत का?’ हेही पाहावे. जेवण तुटणे, सारखी झोप, कारण नसताना तोल जाऊन पडणे ही सगळी त्याच माळेतली लक्षणे.

ऑक्सिजन ठीक आहे, हे चांगलेच. पण शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर वरखाली होणे, लघवी तुंबणे, एखादे नवे औषध यांनीही भ्रम वाढतो. त्यासाठी रक्ततपासणी लागते. मध्यरात्रीचा हा प्रकार डॉक्टरांच्या कानावर घातला नसेल, तर आजच घाला. घरी चष्मा आणि कानाचे यंत्र त्यांना लावून द्या, रात्री मंद दिवा ठेवा, ओळखीचे एक माणूस जवळ बसू द्या. दळणावरून वाद घालू नका. ‘सकाळी आणू’ म्हटले तरी पुरते. झोपेची गोळी मात्र स्वतःहून देऊ नका, तिने गोंधळ वाढतो. बहुतेक जण यातून सावरतात, मात्र काहींना कित्येक आठवडे लागतात. त्यानंतरही विसरभोळेपणा राहिला तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीला, आई-बाबा ठाण्याला. दोघेही पॉझिटिव्ह. व्हिडिओ कॉलवर ऑक्सिमीटर लावायला सांगितला, तर आईचा आकडा ८८ आणि बाबांचा ९२. आई म्हणते, यंत्रच बिघडलंय. बाबा म्हणतात, ‘मी ठणठणीत आहे, उगाच घाबरवू नकोस.’ कुणाचं खरं मानू? मला तर झोपच नाही.

उत्तर : आधी आकडे पुन्हा तपासू. पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, हात गार असतील तर चोळून गरम करायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवायचे नाही. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असलेल्या बोटावर आकडा चुकू शकतो. आईंच्या हाताला मेंदी आहे का, ते विचारा. दुसऱ्या बोटावर, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर पाहा. तरीही ८८च आला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायला हवे.

बाबांच्या ‘ठणठणीत’वर मात्र विसंबू नका. करोनात रक्तातला ऑक्सिजन घटला तरी धाप जाणवेलच असे नाही, आणि वय झाले की ही जाणीव आणखी बोथट होते. आकडा कमी येण्यामागे दमट वातावरण, जुना दमा अशी कारणे घरबसल्या शोधण्यात अर्थ नाही. दोनदा मोजून आकडा ९४ च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवे. फुप्फुसाच्या जुन्या विकारात नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, पण ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे. वाक्य पुरे करता न येणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे, हाका मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी काही दिसले तर थेट १०८ ला फोन. तुम्ही लांब आहात, तेव्हा शेजारच्या एखाद्या घरी आजच सांगून ठेवा.

प्रश्न : माझे वय ७२, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. २०२१ मध्ये करोना झाला तेव्हाची स्टिरॉइडची चिठ्ठी जपून ठेवली आहे. आता पुन्हा पॉझिटिव्ह आलो. ऑक्सिजन ९७. वेळ न घालवता त्याच गोळ्या सुरू करू का? आणि बीपीची गोळी करोनात घातक असते म्हणतात, ती बंद करू?

उत्तर : दोन्ही करू नका. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले, की डेक्सामेथासोनने जीव वाचतात ते कृत्रिम ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांचे. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. तुम्ही आज त्या दुसऱ्या गटात आहात. त्यात स्टिरॉइडने साखर भडकते. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने पाहिलेल्या म्युकरमायकोसिसमागे (बुरशीचा गंभीर संसर्ग) अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेक ही मोठी कारणे होती.

बीपीची गोळी चालू ठेवा. फक्त उलट्या-जुलाब होत असतील किंवा पाणीच जात नसेल, तर लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारा. विषाणूरोधक औषध द्यायचे की नाही, हे तुमच्या वयात पहिल्या पाच दिवसांतच ठरवावे लागते, तेव्हा थांबू नका. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णेसुद्धा. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचे त्या औषधाशी जमत नाही.

प्रश्न : रुग्णालयातून येऊन महिना झाला. वय ६९. जिन्याच्या चार पायऱ्यांत पाय लटपटतात. मुलं अंथरुणावरून उठू देत नाहीत. विश्रांतीनं शक्ती येईल ना?

उत्तर : आता अंथरुणच अशक्तपणा वाढवत असेल. उतारवयात थोड्या दिवसांच्या पडून राहण्यानेही मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात. मुलांची काळजी समजते, पण त्यांना हे उत्तर वाचायला द्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा. कुणीतरी शेजारी असू द्या. जेवणात मुगाचे धिरडे, दही, अंडे किंवा मासे असे काहीतरी प्रत्येक वेळी हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण आधी विचारून घ्या.

धाप दिवसेंदिवस वाढत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. एकच पाय सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी जा. करोनानंतर शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि मालिश हा तिच्यावरचा इलाज नव्हे.