वर्गातील उतारा आणि लेखकाचा हक्क

शाळाभेटीच्या वेळी शिक्षकबंधू व भगिनी एक प्रश्न हटकून विचारतात : पाठ्यपुस्तकाबाहेरील कविता फळ्यावर लिहून दिली, अथवा एखाद्या गोष्टीच्या झेरॉक्स प्रती मुलांस वाटल्या, तर कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा, भंग होतो काय? शिकविण्यासाठी दिल्या असतील तर होत नाही. १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हक्कभंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेतील उताऱ्यासही हीच सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने २०१६ साली या शब्दांचा अर्थ व्यापक धरला. सत्रासाठी नेमलेले वाचनही त्यात येते. सबब, कायद्याच्या धास्तीने चांगले साहित्य मुलांपासून दूर ठेवणे हीच मला मोठी चूक वाटते.

मात्र सवलत शिकविण्यापुरतीच आहे. एका शाळेत मी एक सुबक स्वाध्यायपुस्तिका पाहिली. आत पाच-सहा कवींच्या कविता, पण एकाचेही नाव नाही; मुखपृष्ठावर संकलक गुरुजींचे नाव ठळक. शेजारच्या शाळांना ती विकतही दिली जात होती. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. परंतु विक्रीस निघालेली नक्कल अध्यापनाच्या कक्षेबाहेर जाते. शिवाय आपल्या कृतीस आपले नाव असावे, हा कवीचा हक्क कायद्याने वेगळा मानला आहे. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे.

स्नेहसंमेलनातील नाटुकले शाळेतील मंडळींनी केले व प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असले, तर हरकत नाही. तिकीट लावून साऱ्या गावास बोलवावयाचे असल्यास परवानगी आधी घ्यावी.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुली आहे, ती निःशंकपणे छापावी. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.

परवानगीच्या पत्रात पुस्तकाचे नाव, पृष्ठे, प्रतींची संख्या व प्रयोजन स्पष्ट लिहावे. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या आरंभीच्या पानांत सापडतो. आलेले उत्तर शाळेच्या दप्तरी ठेवावे.