इंजिनची टिकटिक आणि गाडीतली डोकेदुखी

सणाच्या तोंडावर हैदराबादच्या सुलतान बाजारात गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. घरातली मंडळी साड्यांच्या खरेदीला उतरतात. आजोबा आणि पेंगुळलेला नातू गाडीतच थांबतात. बाहेर ऊन रणरणतंय, म्हणून काचा बंद, इंजिन आणि एसी चालू. तासाभरानं सगळे परततात तेव्हा आजोबांचं डोकं ठणकत असतं आणि नातवाला मळमळत असतं. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, असं म्हणून विषय संपतो. इंजिन काही दिवसांपासून टिकटिक करतंय, हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्याचा या त्रासाशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

तो असू शकतो. म्हणून आज आरोग्याच्या सदरात गाडीचं बॉनेट उघडायचं आहे.

टिकटिक करणारं प्रत्येक इंजिन धोक्याचं नसतं. गाडी बंद केल्यावर तापलेलं लोखंड निवताना टिकटिकतं, त्यात बिघाड काही नाही. काही नव्या पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टरही मुळातच तसे वाजतात. मेकॅनिक ‘टॅपेट वाजतोय’ म्हणतो, तेव्हा बहुधा व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली फट वाढलेली असते किंवा तिथवर पुरेसं ऑइल पोहोचत नसतं. जागेवर उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणून हा आवाज भरभर येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याच तालात वाढतो. अशा वेळी गाडी सपाट जागी लावावी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबावं आणि ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा टिकटिकीऐवजी जड ठकठक येत असेल, तर गाडी पुढे न नेता तिथेच बंद करावी.

आरोग्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा आवाज मात्र वेगळा. इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला जोडलेला असतो, तिथलं पॅकिंग गेलं किंवा मॅनिफोल्डलाच चीर पडली, की प्रत्येक स्फोटासरशी वायू फटीतून फुसकन सुटतो आणि कानाला टिकटिक ऐकू येते. सकाळी गार इंजिन सुरू करताना ती जोरात असते. लोखंड तापून फुगलं आणि फट मिटली की दबते. ‘तापल्यावर आवाज जातो’ म्हणून लोक निर्धास्त होतात, पण नेमकी हीच खूण संशयाची आहे. जोडापाशी काजळीचा काळा ओघळ दिसला, तर शंका आणखी पक्की होते.

जाणता मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या वेगवेगळ्या भागांना टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि आवाजाची जागा हुडकतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला, तत्त्व एकच. वाचकांनी मात्र चालू इंजिनात हात घालू नये. पट्टा आणि पंखा बोटं घेऊन जातात.

मॅनिफोल्डच्या या फटीतून कार्बन मोनॉक्साइड निसटतो. त्याला रंग नाही, वास नाही. गार इंजिनात तो जास्त तयार होतो, आणि फट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असल्यानं तो शुद्ध न होताच सुटतो. एसीसाठी बाहेरची हवा समोरच्या काचेच्या तळाशी, इंजिनालगतच ओढली जाते, त्यामुळे तो आत शिरू शकतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळून जातात, सुचेनासं होतं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका सर्वाधिक. उघड्या हवेत आल्यावर बरं वाटतं आणि गाडीत बसलं की पुन्हा त्रास सुरू होतो. बरोबरच्या दोघातिघांनाही तेच होतं. निदानाचा हा सर्वांत मोठा धागा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. त्याला कार्बन मोनॉक्साइड लागलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही, आणि आकडा ९८ दिसू शकतो. एकाच खुणेवर भिस्त ठेवण्याचा धोका या परिसरानं पूर्वीही पाहिला आहे. सुलतान बाजार हा जुना रेसिडेन्सी बाजार. इथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादचे प्रसिद्ध क्लोरोफॉर्म आयोग चालवले. क्लोरोफॉर्मची भूल देताना फक्त श्वासाकडे लक्ष ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतं, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी दाखवलं.

तेव्हा गाडीत असा त्रास जाणवला, तर दारं उघडून सर्वांनी आधी बाहेर यावं आणि शक्य असेल तर इंजिन बंद करावं. कुणी गुंगीत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर १०८ला फोन करावा. रुग्णालयात ‘बंद काचांच्या चालू गाडीत बसलो होतो’ हे आवर्जून सांगावं आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या तपासणीबद्दल विचारावं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून घरी जाऊन झोपून पाहू नये. तपासणीला उशीर झाला तर आकडा उतरलेला असतो, तेव्हा त्रास किती वाजता सुरू झाला तेही सांगावं.

गाडी मेकॅनिककडे नेताना काचा खाली ठेवाव्यात. मॅनिफोल्डचं पॅकिंग, सायलेन्सरचा पाइप आणि डिकीच्या दाराचं रबर हे तिन्ही तपासून घ्यावं. पीयूसी चाचणी मागच्या नळकांड्यातला धूर मोजते, वाटेतली गळती नाही. त्यामुळे ताजं प्रमाणपत्र असलं तरी ही तपासणी टाळू नये. दुरुस्ती होईपर्यंत थांबलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून कुणालाही बसवू नये, आणि अपार्टमेंटच्या सेलरमध्ये तर इंजिन सुरू होताच गाडी बाहेर काढावी.