दुसऱ्याने सोडलेली जागा

चि. मृण्मयी,

प्रतीक्षा यादीतून का होईना, तुला प्रवेश मिळाला याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. तुला मात्र तो मोकळेपणाने घेता येत नाही, असं ताईच्या बोलण्यातून कळलं. वरच्या कुणीतरी जागा सोडली म्हणून आपला नंबर लागला, तेव्हा ही जागा खरी आपली नव्हेच, असं तुझ्या मनाने घेतलं आहे. ‘नशिबात होतं ते मिळालं’ असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. त्याने तुझी शंका मिटायची नाही, उलट पक्की होईल. दुसऱ्याच्या हातून सुटलेलं यश आपलं म्हणता येतं का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पुराव्यावरच द्यायला हवं. तो पुरावा मी पॉल लॉरी या स्कॉटिश गोल्फपटूच्या कारकिर्दीतून देतो. ‘दुसऱ्याच्या चुकीने जिंकला’ हा शिक्का त्याच्याइतका घट्ट फार थोड्या खेळाडूंवर बसला असेल.

१९९९ सालची गोल्फची ओपन स्पर्धा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कार्नूस्टीला झाली. चिंचोळे पट, कडेला गुडघाभर गवत आणि समुद्रावरचा वारा अशा मैदानावर भल्याभल्यांची दाणादाण उडाली. शेवटच्या दिवशी सकाळी फ्रान्सचा झाँ व्हान द वेल्द आघाडीवर होता आणि लॉरी त्याच्यामागे तब्बल दहा फटके. अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर व्हान द वेल्द आला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. चार फटक्यांच्या त्या होलला सहा लागले असते तरी करंडक त्याचाच होता. पण दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि चेंडू मागे दाट गवतात पडला. तिसऱ्याने तो थेट बॅरी बर्न नावाच्या त्या ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट दुमडून हा गृहस्थ पाण्यात उतरून उभा राहिला, ते दृश्य सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. अखेर त्याला सात फटके लागले आणि लॉरी, व्हान द वेल्द व अमेरिकेचा जस्टिन लेनर्ड हे तिघे २९० फटक्यांवर बरोबरीत आले. बरोबरी फोडण्यासाठीच्या चार होलच्या प्लेऑफमध्ये लॉरी जिंकला. त्या ओपनचा विषय निघाला की आजही लोकांना ओढ्यातला फ्रेंच माणूस आधी आठवतो, विजेत्याचं नाव मागाहून.

आता तू विचारशील, व्हान द वेल्दने सहा फटक्यांत होल पुरा केला असता तर? तर लॉरी हरला असता, यात शंका नाही. हे मान्य करून टाकावं, लपवू नये. पण या एका वाक्यावर जे थांबतात ते अर्धाच हिशेब मांडतात. त्या दिवशी बाकीच्या सगळ्या खेळाडूंपुढेही तोच व्हान द वेल्द होता आणि त्याची चूक सगळ्यांना सारखीच उपलब्ध होती. तिचा उपयोग फक्त दोघांना झाला, कारण त्याच्याखेरीज २९० वर तेवढे दोघेच होते. लॉरी तिथे पोहोचला तो अखेरच्या फेरीत ६७ फटके खेळून. त्याच दिवशी, त्याच मैदानावर व्हान द वेल्दला ७७ लागले. दहा फटक्यांची पिछाडी भरून काढण्यात दोघांचाही वाटा होता, पण लॉरीचे ६७ त्याला कुणी बहाल केले नव्हते. अखेरच्या दिवशी एवढी पिछाडी भरून काढून जिंकणं गोल्फच्या कुठल्याही मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धेत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

प्लेऑफ तर जरा बारकाईने पाहा. पहिल्या दोन होलवर लॉरीलाही एकेक फटका जास्त लागला, म्हणजे तो काही दैवी संचारात खेळत नव्हता. तिसऱ्या, म्हणजे सतराव्या होलला त्याने बर्डी केली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, पण व्हान द वेल्दनेही केली. अठराव्यावर येताना लॉरीची दोघांवर आघाडी होती ती जेमतेम एका फटक्याची. समोर होल तोच, ओढा तोच, आणि तीन फटक्यांची आघाडी तिथे कशी वाहून गेली ते नुकतंच सगळ्यांनी पाहिलेलं. ओढ्याच्या अलीकडे चेंडू ठेवून सावध खेळण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्याने चार नंबरचं आयर्न उचललं आणि चेंडू ओढ्यापलीकडे, झेंड्यापासून तीन-चार फुटांवर नेऊन ठेवला. होल तीन फटक्यांत संपला. लॉरीचे एकूण १५ झाले, बाकी दोघांचे १८. इथे त्याच्या मदतीला कुणाची चूक आली नव्हती. संधी दुसऱ्यामुळे आली हे खरं, पण तिच्यापुढचा फटका ज्याचा त्यालाच मारावा लागतो.

दुसरा आक्षेप असा, की एखाद्या दिवशी कुणाच्याही हातून चांगला खेळ होतो. मग आधीची वर्षं पाहू. लॉरी ॲबरडीनचा. १९८६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला तेव्हा त्याचा हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) पाच होता. असामान्य गुणवत्तेच्या मुलांचा त्या वयात शून्याच्या आसपास असतो. बँकरी इथल्या क्लबात तो सहायक म्हणून लागला. दुकान सांभाळायचं, सभासदांची कामं करायची आणि उरल्या वेळात सराव, असं ते काम. १९९२ पासून तो युरोपियन टूरवर, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या साखळीत आला, १९९६ मध्ये तिथली पहिली स्पर्धा जिंकला आणि १९९९ च्या सुरुवातीला कतार मास्टर्स त्याने सात फटक्यांनी जिंकली. कार्नूस्टीला आला तेव्हा जागतिक क्रमवारीत तो १५९वा होता आणि पात्रता फेरी खेळून आत शिरला होता. तेव्हा तो अनोळखी होता, हे खरं. तो अपात्र होता, हे मात्र खोटं. या दोन गोष्टींची गल्लत लोक नेहमी करतात आणि तू स्वतःबाबत तीच करते आहेस. प्रतीक्षा यादीत नाव यायलाही परीक्षेतले गुण लागतात.

त्यापुढची वर्षं मला सर्वांत बोलकी वाटतात. ओपननंतर दोनच महिन्यांनी ब्रुकलाइनच्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक लढतीत, अमेरिकेने शेवटच्या दिवशी युरोपला अक्षरशः झोडपलं. त्या पडझडीतही लॉरीने आपला एकेरी सामना जिंकला, आणि स्पर्धेतल्या पाच सामन्यांत साडेतीन गुण मिळवले. पुढे २००१ आणि २००२ मध्ये एकेक विजेतेपद आलं आणि मग नऊ वर्षं काहीच नाही. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायला लोकांना यापेक्षा चांगली संधी कोणती? पण तो खेळत राहिला. २०११ मध्ये पुन्हा जिंकला, २०१२ मध्ये दोनदा जिंकला आणि तेरा वर्षांनी रायडर कपच्या संघात परतला. मेडायनाला झालेल्या त्या लढतीत त्याने अमेरिकेच्या ब्रँड्ट स्नेडेकरला पाच होलने हरवलं. स्नेडेकर आदल्याच आठवड्यात अमेरिकी टूरचा फेडएक्स कप जिंकून आला होता. युरोपियन टूरवर लॉरीची एकूण विजेतेपदं आठ झाली. हे आकडे त्याला महान ठरवत नाहीत, पण योगायोगाने मोठा झालेला माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी असा खेळत नाही. २००१ मध्येच त्याने ॲबरडीन भागातल्या मुलांना गोल्फ शिकवणारी संस्था सुरू केली आणि २०२० मध्ये, युरोपियन टूरचा निरोप घेतला त्याच वर्षी, तरुण व्यावसायिकांसाठी टार्टन प्रो टूर काढली. मिळालेल्या जागेवर आणखी कुणाला उभं करता येईल, हे त्याने पाहिलं.

मग नशीब असं काही नसतंच का? असतं, आणि ते नाकारणारा माणूस पुढे उर्मट होतो. लॉरीचाच देशबंधू कॉलिन माँटगोमेरी आठ वर्षं युरोपात कमाईत पहिला आला, एकतीस स्पर्धा जिंकला, पण मेजर त्याला एकही लाभली नाही. १९९५ च्या पीजीए या मेजर स्पर्धेत त्याने शेवटच्या तिन्ही होलवर बर्डी करून प्लेऑफ गाठला आणि तिथे पहिल्याच होलवर स्टीव्ह एल्किंग्टनने लांबून ढकललेला चेंडू थेट होलमध्ये गेला. यात माँटगोमेरीचं काय चुकलं? म्हणून निकालावरून माणसाची पारख करू नये, जिंकलेल्याची नाही आणि राहून गेलेल्याचीही नाही. यादीत तुझ्या खाली ज्याचं नाव थांबलं, तो तुझ्याहून कमी आहे असं कधी समजू नकोस. तुझ्या वर ज्यांची नावं होती त्यांच्यापुढे मान खाली घालायचीही गरज नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. जागा कशी मिळाली याचा खुलासा कुणी मागितला तर खरं ते एका वाक्यात सांग आणि विषय संपव. न विचारता सांगत बसू नकोस, त्यात विनय कमी आणि भीती जास्त असते. पहिल्या सत्रात लोकांची तोंडं बंद करण्यासाठीही अभ्यास करू नकोस, कारण लोकांच्या बोलण्याला अंत नसतो आणि अभ्यासाला वेळ थोडाच असतो. प्रवेशाची पावती तुझ्या नावाची आहे. सोमवारी वेळेवर वर्गात जाऊन बस आणि कामाला लाग.

तुझा,
मामा