थाई शिकायचीय? दहा मिनिटं रोज, आणि लिपीपासूनच

नोकरीनिमित्त बँकॉकला आले, तेव्हा इथे येणारे बहुतेक जण करतात तेच मी केलं, शनिवारचा भाषावर्ग लावला. सलग तीन तास शिकवणं आणि हातात रोमन अक्षरांतली टिपणं. ‘लिपीचं नंतर बघू, आधी बोलायला लागा,’ असं वर्गाचं धोरण होतं. पुस्तक संपलं, प्रमाणपत्रही मिळालं. पण ऑफिसखालच्या गाडीवर भात मागितला, तर गाडीवालीला मी काय म्हणतेय तेच कळेना. शेवटी बोट दाखवून भात घ्यावा लागला.

दोष शिकवण्याच्या पद्धतीत होता. थाईत पाच सूर आहेत : सम, खालचा, पडता, उंच आणि चढता. ‘खाव’ पडत्या सुरात म्हटलं तर भात, खालच्या सुरात बातमी आणि चढत्या सुरात पांढरा. रस्त्यांच्या पाट्यांवर जी सरकारमान्य रोमन पद्धत दिसते, तिच्यात या तिन्हींचं स्पेलिंग एकच. ती सूर दाखवत नाही, स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घही दाखवत नाही. थाई लिपीत मात्र हे तिन्ही शब्द वेगवेगळे लिहिले जातात. व्यंजनाचा गट, स्वराची लांबी, शेवटचा वर्ण आणि डोक्यावरचं सूरचिन्ह यांवरून सूर ठरतो. म्हणजे लिपी टाळली की सूरच हातातून सुटतो. देवनागरीत लिहून घेतलं तरी ही उणीव भरून निघत नाही.

लिपीची धास्ती आपण तर मुळीच घेऊ नये. व्यंजनं ४४ आहेत, पण त्यांचा क्रम आपल्या ओळखीचा : आधी क-वर्ग, मग च-वर्ग, पुढे त-वर्ग, प-वर्ग. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना घोटवून घ्यावा लागतो, आपल्या जिभेवर तो आधीपासूनच असतो. थाई मुलं ‘कॉ कै, खॉ खै’ म्हणत अक्षरं शिकतात. क कोंबडीचा, ख अंड्याचा. आपणही तसंच शिकावं.

वर्ग सुटल्यावर मी रोजची दहा मिनिटं ठरवली आणि भाषा तिथून खरी सुरू झाली. इथे सकाळी आठला स्टेशनांवर, बागांमध्ये राष्ट्रगीत लागतं. ते संपलं की वही उघडायची. वेळ अशी एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधली की रोज नव्याने मनाची तयारी करावी लागत नाही.

दहा मिनिटांत तीनच कामं करा. एक अक्षर त्याच्या शब्दासह पाच वेळा लिहा. एक वाक्य थाई माणसाच्या आवाजात ऐका, स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. कालचं आणि आठवड्यापूर्वीचं वाक्य न बघता म्हणा. वाक्य त्याच दिवशी उपयोगी पडेल असंच निवडा. शाकाहारी असाल तर पहिलं वाक्य ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका. बाईने बोलताना शेवटी ‘खा’ जोडायचं असतं. साध्या विधानात ते पडत्या सुरात, प्रश्नात उंच सुरात. सुरांचा सराव करायला याहून सोपी जागा नाही. पुरुषांनी ‘ख्राप’ म्हणावं.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, दहाच मिनिटं करा. वाढवून घेतलेला अभ्यास आठवड्यात बंद पडतो. आणि ते वाक्य संध्याकाळच्या आत एका तरी थाई माणसाशी बोला. इथली माणसं हसून दुरुस्त करतात, सूर पुन्हा म्हणून दाखवतात. ती शिकवणी कुठल्याच वर्गात मिळत नाही.

वर्ग जरूर लावा. मात्र पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : लिपी कधीपासून शिकवणार? उत्तर ‘नंतर’ असेल, तर दुसरा वर्ग शोधा.