मोटारीचा कॅमेरा आणि काट्याची मुद्रा

आडत दुकानातील काटा बिघडला, कारागिराने तो उघडून दुरुस्त केला, आणि त्याच घटकेस त्यावर शेतकऱ्याची तूर तोलावयास आरंभ झाला, असे आपल्या पेठेतील कोणी जाणता व्यापारी करणार नाही. दुरुस्त काटा वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडून पुन्हा पडताळून घ्यावा लागतो, त्यावर नवी मुद्रा उमटावी लागते, आणि मगच तो व्यवहारात आणता येतो. भुईकाटा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसविला, तर वर्षाची मुदत शिल्लक असली तरी त्याची पडताळणी नव्याने करणे भाग असते. २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांत ही तरतूद आहे. आपल्या धर्मात ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमी-अधिक मापांनी व्यवहार करणे, हा एक आहे. मापाची चूक ही केवळ हिशेबाची चूक नव्हे, ही समज आपल्या घराघरांत लहानपणीच दिली जाते.

असे असूनही आम्ही स्वतः एका मापयंत्राच्या बाबतीत पूर्ण गाफील राहिलो. ते यंत्र दुकानात नव्हते, मोटारीत होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता तशा मोटारी आल्या असल्यामुळे जे आम्हांस उशिरा उमगले ते येथे सविस्तर मांडीत आहोत.

नव्या मोटारींतील चालक-साहाय्य व्यवस्थेस इंग्रजी आद्याक्षरांवरून 'अडास' म्हणतात. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत अशा मोटारी येऊ लागल्या. २०२१ साली महिंद्रची एक्सयूव्ही ७०० आणि २०२३ साली टाटांच्या हॅरियर व सफारी या व्यवस्थेसह आल्या, आणि त्याच वर्षी ह्युंदाईच्या व्हेन्यूसारख्या लहान मोटारीतही ती दिसू लागली. समोरच्या काचेच्या वरच्या भागी, आरशाच्या मागे, एक लहानसा कॅमेरा बसविलेला असतो. तो रस्त्यावरील पांढरे पट्टे, पुढील वाहन, पादचारी व वेगमर्यादेचे फलक पाहतो. मोटार पट्टा ओलांडू लागली की सूचना देतो, कित्येक मोटारींत स्टीअरिंग हळूच वळवून तिला मार्गिकेत परत आणतो, आणि टक्कर अटळ दिसल्यास ब्रेक लावावयास सांगतो. काही मोटारींत याच्या जोडीला पुढील बंपरजवळ रडारही असते, परंतु पट्टे पाहण्याचे काम कॅमेऱ्याचेच. ईर्यासमिती पाळणारे मुनिमहाराज चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. तिला त्याच प्रमाणात दूरचे न्याहाळावे लागते.

आता घडले ते सांगतो. गेल्या हंगामात आम्ही सेडमहून कलबुर्गीस परत येत होतो. त्या रस्त्यावर सिमेंटच्या कारखान्यांमुळे चुनखडी व खडी वाहणाऱ्या मालमोटारींची रीघ असते. मळखेडच्या अलीकडे अशाच एका मालमोटारीच्या चाकाखालून खडा उडाला आणि आमच्या काचेवर आदळला. रात्रीपर्यंत त्या टिचकीएवढ्या खुणेतून तडा निघून पार चालकाच्या नजरेसमोर आला. समोरची काच ही दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली असते, त्यामुळे ती विखुरली नाही. परंतु बदलणे भाग होते. तूर येण्याचे दिवस, मोटारीवाचून अडलेले, म्हणून आम्ही कंपनीच्या कार्यशाळेची तारीख मिळेपर्यंत न थांबता एका ओळखीच्या दुकानात ती बसवून घेतली. दुकानदाराने काच स्वच्छ बसविली, जुना कॅमेरा नव्या काचेवरील खोबणीत अडकविला. फलकावर कोणताही तांबडा दिवा लागला नाही. आम्ही समाधानाने पैसे दिले. कॅमेऱ्याबद्दल एक शब्द आम्ही विचारला नाही, आणि त्यानेही सांगितला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी चिरंजीव हैदराबादेहून रात्री परतत होते. जहिराबाद ओलांडून मन्नाएखेळीच्या सुमारास राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, डाव्या कडेला उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिव्यावाचून उभी होती. आपल्या भागात ऊस-गाळपाच्या दिवसांत हे दृश्य काही नवे नाही. चिरंजीव मार्गिकेच्या मधोमध होते. परंतु मोटारीने आपण उजवीकडे सरकलो आहोत असे मानले आणि स्टीअरिंग डावीकडे, त्या ट्रॉलीच्या दिशेने, ओढले. त्यांचे दोन्ही हात चाकावर होते म्हणून त्यांनी ते घट्ट धरून मोटार सावरली. दुसऱ्या दिवशी हे ऐकताना घरातील मंडळींच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याचे वर्णन येथे करीत नाही.

कंपनीच्या कार्यशाळेत तपासणी झाली तेव्हा कारण उघड झाले. कॅमेरा निर्दोष होता. तो ज्या दिशेस पाहत होता ती दिशा मोटारीच्या मध्यरेषेशी जुळत नव्हती, एवढेच. दोष आम्ही दुकानदारापेक्षा स्वतःस अधिक देतो. भुईकाट्याची मुद्रा एक दिवस चुकू न देणारा माणूस मोटारीचा काटा उघडून पुन्हा बसवितो आणि पडताळणीची चौकशी करीत नाही, याला काय म्हणावे?

एवढ्याशा फरकाने इतका परिणाम कसा होतो, हे गणिताने पाहावे. कॅमेरा आडवा केवळ एक अंश फिरलेला असेल, तर १०० मीटर अंतरावर त्याच्या नजरेत सुमारे पावणेदोन मीटरांचा फरक पडतो. महामार्गाची मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे एका अंशात अर्धी मार्गिका गेली! एक अंश म्हणजे किती, तर घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा.

वर-खाली झुकण्यातील चूक याहून फसवी आहे. एकच डोळा असलेला कॅमेरा पुढील वाहनाचे अंतर ठरविताना त्या वाहनाची चाके जमिनीस कोठे टेकली आहेत हे पाहतो, आणि स्वतःच्या उंचीवरून व त्या कोनावरून हिशेब करतो. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच आहे आणि पुढील वाहन ५० मीटरांवर आहे असे धरा. तेव्हा ती नजर क्षितिजाखाली जेमतेम दीड अंश असते. त्यात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर त्याच्या हिशेबाने वाहन ५० ऐवजी ७५ मीटरांवर ठरते. चूक उलट दिशेची असेल तर साडेसदतीस मीटरांवर. पहिल्या प्रकारात ब्रेकची सूचना उशिरा मिळेल, दुसऱ्या प्रकारात मोकळ्या रस्त्यावर मोटार उगाच दचकेल आणि मागून येणाऱ्याची धडक बसेल. ज्या मोटारींत रडार आहे तेथे अंतराची ही चूक काही अंशी सावरली जाते, परंतु मार्गिकेची सावरत नाही.

उंची व कोन यांवरून अंतर काढण्याची ही रीत आपणांस परकी नाही. ज्या मळखेडजवळ आमची काच फुटली, ते राष्ट्रकूटांचे मान्यखेट होय. नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला, आणि त्यातील शेवटचे प्रकरण छायाव्यवहाराचे, म्हणजे सावलीवरून उंची, अंतर व वेळ काढण्याचे आहे. शंकू सरळ उभा नसेल तर सावलीचा सारा हिशेब फुकट जातो, हे कोणत्याही विद्यार्थ्यास कळेल. कॅमेऱ्याचे शंकूहून निराळे काही नाही.

कॅमेरा सरळ करण्याच्या या क्रियेस कॅलिब्रेशन म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. एक कार्यशाळेत, मोटार उभी ठेवून. दुसरा रस्त्यावर, मोटार चालवून. कोणत्या मोटारीस कोणता लागतो हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते, आणि काही मोटारींस दोन्ही लागतात. पहिल्या प्रकारात सपाट जमिनीवर मोटार उभी करून तिची मध्यरेषा काढतात, आणि ठरावीक अंतरावर व ठरावीक उंचीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक लावतात. डॅशबोर्डखालील जोडणीत संगणक जोडून कॅमेऱ्यास तो फलक दाखवितात, आणि मग कॅमेरा स्वतःचा शून्यबिंदू पुन्हा ठरवितो. आपण प्रमाण वजन ठेवून काटा शून्यावर आणि भारावर तपासतो, तीच ही क्रिया. जमीन उतरती असेल, प्रकाश एका बाजूने तिरपा पडत असेल, मागील भिंतीवर चित्रविचित्र रंग असतील, तर निकाल खरा येत नाही.

त्याआधी चाकांतील हवा कंपनीच्या आकड्याप्रमाणे भरावी लागते, व्हील अलाइनमेंट बरोबर असावे लागते, काच पुसलेली असावी लागते, आणि मोटारीत वाजवीपेक्षा अधिक भार नसावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा डिकीत तुरीच्या नमुन्यांचे चार कट्टे तसेच होते. कारागिराने ते उतरवून ठेवण्यास सांगितले. मागे भार असला की मोटारीचे नाक वर उचलले जाते, आणि कॅमेरा त्या उचललेल्या स्थितीसच सपाटी समजून बसतो. धान्याच्या व्यापाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

दुसऱ्या प्रकारात संगणक जोडून मोटार कंपनीने सांगितलेल्या वेगाने काही काळ चालवावी लागते, आणि त्या रस्त्यावर पांढरे पट्टे स्पष्ट हवेत. हुमनाबादजवळील चौपदरी महामार्गावर हे साधते. आळंद तालुक्यातील आतल्या रस्त्यांवर, जेथे पट्टे पुसट आहेत किंवा शेतकरीबांधवांनी मळणीसाठी रस्त्यावरच रास पसरलेली आहे, तेथे ते साधण्याची आशा करू नये. पाऊस, धुके व रात्रही टाळावी. काही मोटारी चालता चालता कॅमेऱ्याची बारीक चूक स्वतःच सुधारीत असतात हे खरे आहे, परंतु त्यालाही मर्यादा असते. आणि दिवा लागला नाही म्हणजे सर्व ठीक, हा समज किती घातक आहे हे वर आलेच आहे.

काच निवडतानाही सावध असावे. कॅमेऱ्यासमोरील भागात काचेची जाडी, वळण आणि स्वच्छता ठरावीक असावी लागते, आणि कॅमेरा धरणारी खोबण काचेलाच चिकटविलेली असते. ती खोबण केसभर वाकडी बसली तर पुढील सारे वाकडे. बाजारात त्याच मोटारीची कॅमेऱ्यावाचूनची काचही मिळते व ती स्वस्त असते; ती घेऊ नये. काच चिकटविणाऱ्या रसायनास धरण्यास वेळ लागतो. तो किती, हे विचारून तेवढा वेळ मोटार हलवू नये, कारण अपघातात वायुपिशवीला आधार देणारी काच तीच असते.

एक बारीक गोष्ट आपल्या घरांतील हौसेविषयी. १९७४ साली सर्व पंथांनी मान्य केलेले जैन प्रतीकचिन्ह आपण भक्तिभावाने काचेवर लावतो, कोणी आरशाला लिंबू-मिरची बांधतो. ही मागील काचेवर किंवा अन्यत्र असावीत. कॅमेऱ्यासमोर काहीही नको. फास्टॅगचेही तसेच. तो आतून मध्यभागी लावण्याची रीत आहे, म्हणून कॅमेऱ्याची जागा सोडून लावावा. जुन्या काचेवरील फास्टॅग काढताना फाटतो व निकामी होतो, तेव्हा काच बदलण्याच्या दिवशीच ज्या बँकेचा असेल तिच्याकडे बदली मागावी, अन्यथा पहिल्याच टोलनाक्यावर अडचण.

केवळ काच बदलल्यावरच नव्हे, तर पुढून धडक बसल्यावर, सस्पेन्शनचे काम केल्यावर, किंवा कोणत्याही कारणाने कॅमेरा काढून पुन्हा लावल्यावर ही पडताळणी लागते. काम झाल्यावर संगणकाने दिलेला निकालाचा कागद मागून घ्यावा. त्यावर मोटारीचा चासी क्रमांक, तारीख व कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद असावी. आमच्या पेढीत तो काट्यांच्या मुद्रा-प्रमाणपत्रांच्या फाइलीतच लावला आहे.

राहता राहिला विम्याचा प्रश्न. पॉलिसीच्या रूढ अटींत रबर व प्लास्टिक यांच्या भागांवर घसारा कापला जातो, काचेच्या भागांवर कापला जात नाही. परंतु कॅलिब्रेशन ही मजुरी आहे, काच नव्हे, आणि ती देय आहे की नाही हे प्रत्येक कंपनीच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून काच उतरविण्यापूर्वीच विमा कंपनीस लिहून विचारावे, आणि कार्यशाळेच्या अंदाजपत्रकात काच, चिकटद्रव्य, मजुरी व कॅलिब्रेशन या चार रकमा निरनिराळ्या लिहून घ्याव्यात. आम्ही मागाहून विचारले, आणि ती रक्कम आमच्याच खात्यावर पडली.