गटारीवर उंचवटा नको

चि. ओंकार यास,


ताईकडून कळलं, नवी झेड फोर गाडी आपल्याच दारात घासली आणि आता तू फाटकाबाहेर गटारीवर काँक्रीटचा उंचवटा घालून घेणार आहेस. तो नको, बाळा. सहकारनगरच्या चढावरचं पावसाचं पाणी त्याच गटारीतून खाली जातं. ते तुंबलं की खालच्यांच्या आवारात शिरणार, आणि पहाटे फिरायला निघणारी म्हातारी माणसं त्या उंचवट्याला अडखळणार. गाडी आपली आहे, तर तोडफोडही आपल्याच आवारात व्हावी.

आधी फाटकातून पोर्चकडे जाणाऱ्या रॅम्पचा चढ मोज. एक मीटरची पट्टी घे, तिचं एक टोक रॅम्पवर टेकव आणि पाणसळ ठेवून ती सपाट धर. दुसरं टोक रॅम्पपासून 20 सेंटिमीटर वर राहिलं, तर चढ एकास पाच. माझा अंदाज तेवढाच आहे. तुझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर असतं. पुढची चाकं पोर्चमध्ये आणि मागची चढावर असताना पोर्चची कड चाकांच्या रेषेपेक्षा सव्वाबारा सेंटिमीटरपर्यंत वर येते. गाडीच्या पोटाखाली मात्र जेमतेम बारा! म्हणजे बंपर वाचवलास तरी वर पोट टेकणारच, आणि ऑइलचा चेंबर फुटला तर खर्च बंपरच्या कितीतरी पट.

कायमची दुरुस्ती होईपर्यंत गाडी तिरपी चढव. 45 अंशांत घेतलीस तर एकास पाचचा चढ गाडीला एकास सातसारखा लागतो, आणि बंपरचा कोपरा गोलसर असल्याने तोही सुटतो. तुझं फाटक रुंद आहे, हे जमेल. एखादं चाक हवेत गेल्यासारखं वाटलं तर ॲक्सिलरेटर दाबू नकोस, थोडा कोन कमी कर. चढाच्या पायथ्याशी पोचण्याआधीच ब्रेक सोड, कारण ब्रेक लागला की नाक खाली जातं. उलटी घातली की घासत नाही असं जो तो सांगेल. पायथ्याशी कोन तोच राहतो, त्यामुळे नुसत्या दिशेने काही सुटत नाही. फरक ब्रेकचा आहे: रिव्हर्समध्ये उतरताना ब्रेक लावलास तर भार मागे जातो आणि नाक उचललं जातं. म्हणून आत नाक पुढे करून, बाहेर उलटी. मात्र मागे कुणाला तरी उभं कर, रस्त्यावर दुचाकी भरधाव येतात.

कायमचा उपाय म्हणजे रॅम्प फोडून पायथ्याशी तीन मीटर आणि माथ्याशी तीन मीटर एकास दहाचा उतार, मध्ये जुनाच एकास पाच. यात पोर्चची तीन मीटर सपाटी जाईल. जाऊ दे, तिथे कुंड्याच तर आहेत! सुरुवात फाटकाच्या आतूनच कर. कोबा गुळगुळीत करू देऊ नकोस, खराट्याने आडव्या रेघा मारून घे, नाहीतर पावसात चाकं घसरतील. काम पावसाळ्याआधीच उरक. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायचं आहे आणि तेवढे दिवस गाडी बाहेर ठेवावी लागेल.

गवंड्याला आकृती काढून दे. मोजमाप कळवलंस तर मीच काढून पाठवतो.

तुझा,
मामा